उभा निवडुंग, सावकाश पैसा: खांबासारख्या कॅक्टसची छोटी नर्सरी कशी सुरू करायची?



"सर, गच्ची रिकामी आहे. पाणी कमी आहे. हातात दहा हजारांच्या आत रक्कम आहे. शोभेच्या झाडांचा काही धंदा होईल का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. आजच्या व्हिडिओत मी याचं एक उत्तर दाखवलं आहे: उभा वाढणारा, खांबासारखा कॅक्टस. व्हिडिओमध्ये कापणी आणि लावणी डोळ्यांनी दिसते, पण आकडे, महिने आणि मापं लक्षात राहत नाहीत. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

या लेखात आपण पाहणार आहोत:
1. कोणता कॅक्टस निवडायचा आणि कोणता सध्या नको
2. एका झाडाची दहा झाडं कशी करायची
3. पावसाळ्यात माल कसा वाचवायचा
4. हिशेब: पैसा कधी फिरतो
5. गिऱ्हाइकाशी काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही

एक गोष्ट आधीच सांगतो. "तीन महिन्यांत लखपती" असली ही योजना नाही. पी हळद अन् हो गोरी, असं इथे होत नाही. ज्याच्याकडे नोकरी, शेती किंवा दुसरा धंदा आहे आणि ज्याला बाजूला एक शांत, कमी खर्चाचं उत्पन्न उभं करायचंय, त्याच्यासाठी हे काम आहे.

धडा 1: आधी ओळख पक्की करा

आपल्याकडे काटेरी, मांसल दिसलं की आपण सरसकट "निवडुंग" म्हणतो. धंद्यात हे चालत नाही. शेताच्या बांधावरचा त्रिधारी निवडुंग किंवा कुंपणाचा शेर ही कॅक्टसच्या कुळातली झाडं नाहीत, ती युफोर्बिया कुळातली. त्यांना चिरा पडली की पांढरा चीक येतो. तो चीक कातडीला आग करतो आणि डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. नर्सरीत "कॅक्टस" म्हणून विकली जाणारी बरीच उभी झाडंही खरं तर युफोर्बियाच असतात.

मग खरा कॅक्टस कसा ओळखायचा? काटे कुठून निघतात ते बघा. खऱ्या कॅक्टसला धारेवर ठिकठिकाणी मऊ, लोकरीसारखी बारीक गादी असते आणि काट्यांचा झुपका त्या गादीतून निघतो. कापला तर आत पाणीदार, चिकट गर दिसतो, दुधासारखा चीक वाहत नाही. फड्या निवडुंग हा मात्र खरा कॅक्टस आहे, तो बाहेरून आपल्याकडे आला आणि इथलाच होऊन बसला. एक जात सोडली तर सगळं कॅक्टसचं कूळ मूळचं अमेरिका खंडातलं आहे.

युफोर्बिया विकू नका असं मी म्हणत नाही. विका, पण युफोर्बिया म्हणून विका, आणि चिकाची सूचना देऊन विका. ज्या घरात लहान मूल आहे त्या गिऱ्हाइकाला हे सांगितलं नाही, तर तो माणूस तुमच्याकडे परत येणार नाही.

धडा 2: एकाच जातीपासून सुरुवात करा

नवीन माणूस बाजारात जातो आणि दहा जातींची दोन-दोन झाडं उचलतो. एक ना धड, भाराभर चिंध्या! पहिली दोन वर्षं एकच जात धरा. माझी शिफारस: सेरेयस. नर्सरीवाले त्याला "सेरेयस पेरुवियानस" किंवा "पेरुवियन कॅक्टस" म्हणून ओळखतात. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. निळसर हिरवा, धारांचा, सरळ उभा खांब. जमिनीत, मोकळ्या जागी तो काही वर्षांत तीस फुटांच्या आसपासही जाऊ शकतो. कुंडीत तो आपल्या आवाक्यात राहतो.

हाच का? चार कारणं:
- वाढ वेगात. ऊन, माती, पाणी नीट मिळालं तर वर्षाला फूटभर वाढतो, कधी जास्तही.
- कटिंगने सहज येतो. बियांची वाट बघावी लागत नाही.
- चुका सहन करतो. दोन आठवडे पाणी विसरलात तरी मरत नाही.
- वय झालं की मोठी पांढरी फुलं येतात. फूल रात्री उमलतं आणि सकाळी मिटतं. ज्याच्या घरी ते एकदा उमललं, तो फोटो काढून दहा जणांना पाठवतो. तुमची जाहिरात फुकट.

याच सेरेयसचे दोन प्रकार लोक जास्त पैसे देऊन घेतात. एक "मॉन्स्ट्रस", म्हणजे वेडावाकडा, गाठी-गाठींचा वाढणारा. दुसरा "स्पायरल", म्हणजे पिळासारखा फिरत वर जाणारा. हे दुसऱ्या वर्षी घ्या, हात बसल्यावर.

बाकीच्या जातींबद्दल थोडक्यात. निळाशार दिसणारा ब्राझीलचा पिलोसोसेरेयस देखणा आहे, त्याला मागणीही असते, पण तो ओल्यात लवकर दगा देतो. पांढऱ्या केसांचा "ओल्ड मॅन" हा मेक्सिकोचा, फार सावकाश वाढतो आणि पावसाळी दमट हवा त्याला मानवत नाही. बोलिव्हियाच्या डोंगरातला चंदेरी क्लाइस्टोकॅक्टस कोकणापेक्षा देशावर बरा राहतो. मिर्टिलोकॅक्टस हा कलमाचा खुंट म्हणून उपयोगी पडतो, त्याबद्दल पुढे बोलू.

आणि सिनेमात दिसतो तो हात वर केलेला अवाढव्य कॅक्टस? तो सग्वारो, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना आणि मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटातला. तो पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. त्याच्या हाताला फुटवे येईपर्यंत आपला नातू म्हातारा होईल. धंद्यासाठी तो नको.

धडा 3: मदर प्लांट हेच खरं भांडवल

या धंद्यात दुकान, बोर्ड, व्हिजिटिंग कार्ड हे भांडवल नव्हे. ज्या झाडापासून तुम्ही वर्षानुवर्षं कटिंग काढणार आहात ते मदर प्लांट हे भांडवल. खरेदीला जाताना पुढच्या पाच गोष्टी तपासा:

1. खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सारख्या जाडीचं हवं. मध्येच कंबरेसारखं बारीक असेल, तर ते झाड काही महिने अंधारात राहिलं आहे. ती कंबर पुन्हा कधीच भरत नाही.
2. बुंधा बोटाने दाबून बघा. तो घट्टच हवा. बुंध्याशी तपकिरी, लाकडासारखा टणक भाग असेल तर तो वयाचा, काळजी नको. मऊ आणि ओलसर असेल तर ते झाड हातात घेऊ नका.
3. धारांच्या खाचेत कापसासारखं पांढरं काही दिसतंय का? तो पिठ्या ढेकूण. एक झाड घरी आणलंत तर महिन्याभरात सगळ्यांवर.
4. शेंडा ताजा, उजळ रंगाचा हवा. म्हणजे झाड वाढतंय.
5. कुंडीतून थोडं हलवून बघा. डगमगलं तर मुळं नाहीत, काल खोचलेलं कटिंग आज झाड म्हणून विकतायत.

पुण्याजवळ उरुळी कांचनचा पट्टा नर्सऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, तिथे एक दिवस काढून फक्त भाव आणि माल बघा, पहिल्या दिवशी काही घेऊ नका. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन हिवाळ्यात भरतं, तिथे हौशी लोक काय बघतात, कशापाशी थांबतात, ते टिपून ठेवा. हरियाणात पंचकुला इथे मोठं राष्ट्रीय कॅक्टस उद्यान आहे, उत्तरेत कधी गेलात तर पूर्ण वाढलेला खांबी कॅक्टस कसा दिसतो ते डोळ्यांनी बघून या. आणि डोंगराळ कालिंपाँग कॅक्टसच्या नर्सऱ्यांसाठी ओळखलं जातं.

नवीन आणलेलं झाड तीन-चार आठवडे बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. हा नियम मोडू नका.

धडा 4: कापणी, खपली, लावणी

आता मुख्य काम. महाराष्ट्रात कापणीसाठी सगळ्यात चांगला काळ फेब्रुवारी ते एप्रिलचा मध्य. हवा कोरडी, दिवस तापलेले, आणि पावसाळ्याआधी मुळं धरायला दोन महिने हातात. दुसरी संधी ऑक्टोबरमध्ये पाऊस पूर्ण गेल्यावर. जून ते सप्टेंबर चाकूला हात लावायचा नाही. फक्त एकच अपवाद आहे: झाड कुजायला लागलं असेल आणि वरचा भाग वाचवायचा असेल तर.

पायरी 1. आदल्या आठवड्यात मदर प्लांटचं पाणी बंद करा.

पायरी 2. धारदार, लांब पात्याचा चाकू स्पिरिटने पुसा. प्रत्येक झाडानंतर पुन्हा पुसा. आळस केलात तर एका झाडाची कूज दहा झाडांना जाते.

पायरी 3. जाड हातमोजे घाला. खोड वर्तमानपत्राच्या जाड घडीत किंवा जुन्या सतरंजीच्या तुकड्यात गुंडाळून धरा. एका झटक्यात आडवा काप घ्या. कटिंग एक फुटाचं ठेवा. बोटभर तुकडेही येतात, पण विकण्याजोगे व्हायला वर्ष-दीड वर्ष जास्त घेतात.

पायरी 4. कटिंगच्या खालच्या कडा पेन्सिलीला टोक काढतात तशा थोड्या तिरक्या तासा. सुकताना मधला गर आत ओढला जातो. कडा तासल्या नाहीत तर खाली वाटीसारखा खड्डा होतो आणि मुळं जिथून यायला हवीत तो मधला भाग मातीला टेकत नाही.

पायरी 5. कटिंगचा काप आणि मदर प्लांटचा काप, दोन्हींवर गंधकाची किंवा बुरशीनाशकाची पावडर लावा. मदर प्लांटचा काप किंचित उतरता असू द्या, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही.

पायरी 6. खपली. इथेच नव्वद टक्के नवशिके चुकतात. कापलेलं कटिंग लगेच मातीत लावायचं नाही! सावलीत, हवेशीर जागी रिकाम्या कुंडीत किंवा बादलीत उभं ठेवा. काप कोरडा, टणक, बुचासारखा झाला पाहिजे. मनगटाएवढ्या जाडीला दहा-बारा दिवस लागतात, दंडाएवढ्या जाडीला तीन आठवडे. आडवं ठेवलंत तर महिनाभरात शेंडा वर वळायला लागतो आणि माल वाकडा होतो.

पायरी 7. दीड-दोन इंच खोल लावा, त्याहून खोल नको. काठीचा आधार देऊन सैल बांधा. पहिले आठ-दहा दिवस पाणी नाही. मग थोडं थोडं. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. तपासण्यासाठी उपटून बघू नका, हलकेच ओढा, विरोध जाणवला की समजा धरलं.

पायरी 8. प्रत्येक झाडाच्या उन्हाकडच्या बाजूला खडूने खूण करा. जागा बदलली तरी तीच बाजू उन्हाकडे ठेवा. सावलीची बाजू एकदम कडक उन्हात आली तर ती भाजते, पांढरट पिवळा डाग पडतो आणि तो कायम राहतो. डागाळलेला माल अर्ध्या भावात जातो.

मदर प्लांटच्या राहिलेल्या बुंध्याला कापाखालून दोन ते चार फुटवे येतात. हेच पुढच्या वर्षीचं पीक. आपण थांबला तो संपला असं म्हणतो, कॅक्टसच्या धंद्यात मात्र थांबतो तोच कमावतो.

धडा 5: माती आणि पाणी

आपली काळी माती शेताला सोन्यासारखी, कॅक्टसला विषासारखी. ती पाणी धरून ठेवते. घरगुती मिश्रण असं करा: पाच भाग खडबडीत माल (धुतलेली जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे निम्मे-निम्मे), तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत, दोन भाग पोयटा माती. समुद्राची वाळू वापरू नका, तिच्यात मीठ असतं. नुसतं कोकोपीट तर मुळीच नको, ते पावसाळ्यात ओलं राहतं आणि उन्हाळ्यात पूर्ण वाळलं की पाणीच घेत नाही.

परीक्षा सोपी आहे. कुंडीत पाणी ओता. ते लगेच खाली उतरून भोकातून वाहायला लागलं तर मिश्रण जमलं. वर तळं साचलं तर वाळू वाढवा.

पाण्याचा नियम: द्याल तेव्हा पोटभर, मग पूर्ण वाळू द्या. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी. पावसाळ्यात छपराखाली असेल तर माती बघून, फार क्वचित. रोज कपभर पाणी शिंपडणं ही सगळ्यात वाईट सवय.

खत कमी. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, पाण्यात विरघळणारं 19:19:19 एका लिटरला एक ग्रॅम पुरतं. युरिया देऊन झाड फुगवू नका. ते मऊ पडतं, वाकतं आणि पहिल्या पावसात कुजतं.

धडा 6: पावसाळा, आणि माझी फसलेली पहिली खेप

हे मी अनुभवाने सांगतोय. पहिल्या खेपेला मी 120 कटिंग लावली होती. पैसे होते घरच्या भिशीचे. जून तोंडावर आला होता, गिऱ्हाईक गणपतीच्या आधी माल मागत होतं, म्हणून घाई केली. शनिवारी कापलं, रविवारी लावलं, वर बादलीभर पाणी घातलं. खपली वगैरे सगळं ऐकून माहीत होतं. "एवढं काय होतंय" म्हणून सोडून दिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

जुलैच्या मध्यापर्यंत सगळी झाडं उभी, हिरवीगार. मी खूश. एक दिवस एक कुंडी सरकवायला गेलो आणि खांब हातात आला. खालचा भाग पिकलेल्या केळ्यासारखा. मग एकेक दाबून बघत गेलो. 91 गेली होती. कॅक्टस कुजतो तो आतून आणि खालून, बाहेरची साल शेवटपर्यंत हिरवी राहते. बायको एवढंच म्हणाली, "भिशीचा पुढचा हप्ता कुठून भरायचा ते सांग." तो हप्ता मी पगारातून भरला, आणि तेव्हापासून कॅलेंडर बघितल्याशिवाय चाकू उचलत नाही.

तुमचं नुकसान होऊ नये म्हणून हे नियम:
- 31 मेच्या आत छप्पर तयार हवं. बांबू किंवा पाइपचा सांगाडा आणि वर पारदर्शक प्लास्टिक. बाजू मोकळ्या, वारा खेळला पाहिजे. चारी बाजूंनी बंद केलंत तर आत घामट हवा साचते.
- कोकणात छप्पर सक्तीचं. देशावर जुनी, मुरलेली झाडं उघड्यावर निभावतात, पण नवीन कटिंग कधीच उघड्यावर नको.
- कुंड्या विटांवर ठेवा, थेट स्लॅबवर नको. खालचं भोक मोकळं राहिलं पाहिजे.
- दर रविवारी प्रत्येक बुंधा बोटाने दाबून बघा. पन्नास झाडांना पंधरा मिनिटं लागतात.
- मऊ लागलं तर त्याच दिवशी कापा. तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत वर वर चकत्या काढत जा, प्रत्येक चकतीनंतर चाकू पुसा. स्वच्छ हिरवा-पांढरा काप आला की पावडर, खपली, आणि पुन्हा लावणी.

पिठ्या ढेकणासाठी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा, प्रादुर्भाव जास्त असेल तर एका लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी फवारा. कुंडीत मुंग्या दिसल्या तर ढेकूण जवळच आहे असं समजा. उन्हाळ्यात शेंड्यावर गंजासारखा रंग चढला तर तो लाल कोळी असू शकतो.

गच्चीवाल्यांसाठी एक गंभीर सूचना. कुंड्या कठड्यावर ठेवायच्या नाहीत, कधीच नाही. उंच कॅक्टस वाऱ्यात कलंडतो. खाली माणूस असतो. जड कुंड्या भिंतीलगत ठेवा, आणि सोसायटीची परवानगी लेखी घ्या.

धडा 7: हिशेब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे भाव काढून स्वतःचे आकडे भरा. रीत मात्र हीच ठेवा.

पहिलं वर्ष, खर्च:
- 3 फुटी मदर प्लांट 10 × 400 = 4,000
- छप्पर आणि शेडनेट = 3,000
- कुंड्या 20 × 50 = 1,000
- माती मिश्रण 20 × 25 = 500
- चाकू, हातमोजे, औषधं, काठ्या, लेबलं = 1,000
एकूण 9,500 रुपये.

प्रत्येक झाडाची एक-एक फुटाची दोन कटिंग, म्हणजे 20. त्यातली चार जातील असं धरा. 16 राहिली. सहा पुढच्या मदरसाठी ठेवली, 10 विकली, प्रत्येकी 350 रुपयांनी. आले 3,500. म्हणजे वर्षअखेर हात 6,000 रुपयांनी रिकामा.

दुसरं वर्ष: 10 बुंध्यांवर सरासरी दोन फुटवे, 20 कटिंग, तीन गेली, 17 विकली. आले 5,950. कुंडी आणि माती 20 × 75 = 1,500, औषधं 500. उरले 3,950. अजूनही 2,050 रुपये अंगावर.

तिसरं वर्ष: जुन्या बुंध्यांची 20 आणि नव्या सहा मदरची सहा, मिळून 26 कटिंग. चार गेली, 22 विकली. आले 7,700. खर्च 26 × 75 = 1,950 आणि औषधं 500. उरले 5,250. आता कुठे खातं 3,200 रुपयांनी जमेत आलं, आणि गच्चीवर 16 मदर प्लांट उभे आहेत.

यात तुमच्या मेहनतीची मजुरी धरलेली नाही, हेही लक्षात ठेवा.

या हिशेबातून तीन धडे:

एक, या धंद्यासाठी मासिक हप्त्याचं कर्ज काढू नका. हप्ता दर महिन्याला येतो, कॅक्टस दर महिन्याला येत नाही. दोघांचं कॅलेंडर जुळत नाही.

दोन, सगळा माल पहिल्याच वर्षी विकू नका. उंच झाडाचा भाव फुटाच्या हिशेबात सरळ वाढत नाही, उडी मारतो. एक फुटी झाड घराघरात मिळतं, पाच फुटी, डाग नसलेलं, सरळ झाड फार थोड्यांकडे असतं. दर वर्षी मालातला चौथा हिस्सा "मुदत ठेव" म्हणून मागे ठेवा.

तीन, झाड सावकाश वाढतं, पण तुमची सेवा आजही विकता येते. कुंडी बदलून देणं, कुजलेलं झाड वाचवणं, कॅफे किंवा ऑफिसला महिन्याच्या भाड्याने झाडं देणं. पहिल्या दोन वर्षांत घरखर्चाला हातभार यातूनच लागतो.

आणखी एक बाजार: कलमाचे खुंट. लाल-पिवळे "मून कॅक्टस" बघितलेत ना? तो रंगीत गोळा स्वतःच्या जिवावर जगू शकत नाही, कारण त्याच्यात हरितद्रव्य नसतं. खाली हिरवा खुंट लागतो, बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा. सेरेयस आणि मिर्टिलोकॅक्टसही कलमाला चालतात. मदर प्लांटचे बारीक, विक्रीला न जमणारे फुटवे फेकू नका, कलम करणाऱ्यांना विचारा.

धडा 8: विक्री करताना

गिऱ्हाइकाला आधी तीन प्रश्न विचारा: ऊन किती तास येतं? पावसात भिजणार का? घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी आहे का? रोज चार तास ऊन नसेल तर सेरेयस देऊ नका, दुसरं काहीतरी सुचवा. आज एक विक्री जाईल, पण सहा महिन्यांनी "तुमचं झाड बारीक झालं" अशी तक्रार येणार नाही.

"काटेरी झाड घरात अशुभ असतं म्हणे," हे वाक्य तुम्ही ऐकणारच. वाद घालू नका. कुणाच्या श्रद्धेवर विक्री उभी करायची नाही आणि कुणाची श्रद्धा मोडायलाही जायचं नाही. "काही हरकत नाही ताई, बिनकाट्याचं दुसरं दाखवतो," एवढंच म्हणा. ज्यांना फाटकाजवळ, गच्चीवर, फार्महाऊसवर, ऑफिसात झाड हवंय ते तुमचे खरे गिऱ्हाईक. लँडस्केप करणारे, इंटिरियरवाले, कॅफेवाले यांना फोटोंचा कॅटलॉग पाठवा, प्रत्येक फोटोशेजारी मोजपट्टी ठेवून.

खोटे दावे करू नका. "कॉम्प्युटरचं रेडिएशन शोषतो" हे धादांत खोटं आहे. "रात्री ऑक्सिजन देतो" असंही लोक सांगतात. खरं एवढंच की कॅक्टस पाणी वाचवण्यासाठी आपली सूक्ष्म छिद्रं रात्री उघडतो आणि कार्बन डायऑक्साइड रात्री घेतो. एका कुंडीने खोलीची हवा बदलत नाही. जे खरं आहे तेच पुरेसं आकर्षक आहे: कमी पाणी, कमी काम, वर्षानुवर्षांची सोबत.

कागदपत्रांबद्दल: जिवंत रोपांवर जीएसटीचा दर शून्य आहे, कुंड्यांवर मात्र कर लागतो. एकत्र विकणार असाल तर बिल कसं करायचं ते करसल्लागाराला विचारा. परदेशात माल पाठवणं किंवा तिथून मागवणं हे मात्र सहज करायचं काम नव्हे. बहुतेक सगळा कॅक्टस सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो आणि भारत 1976 पासून त्यात आहे. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला यांशिवाय पाकीट पाठवू किंवा मागवू नका, ऑनलाइन कुणी कितीही "चालतं हो" म्हणालं तरी.

कुरिअर करताना झाड मातीतून काढून मुळं वाळवा, वर्तमानपत्राचे चार-पाच थर गुंडाळा, खोक्यात हलणार नाही असं भरा. कोरड्या मुळांचा कॅक्टस आठवडाभर प्रवास आरामात सहन करतो. पावसाळ्यात कुरिअर टाळा. सोबत मराठीत छापलेलं छोटं कार्ड ठेवा: ऊन, पाणी, पावसाळा, तुमचा फोन.

आजचा गृहपाठ

1. तुमच्या गच्चीवर किंवा अंगणात सकाळी 9, दुपारी 12 आणि 4 वाजता ऊन कुठे पडतं ते तीन दिवस लिहून काढा.
2. जवळच्या तीन नर्सऱ्यांत जाऊन एक फुटी आणि तीन फुटी सेरेयसचा भाव विचारा. वरच्या हिशेबात स्वतःचे आकडे भरा.
3. एकच मदर प्लांट घ्या. एकच! एक कटिंग काढा, खपली धरू द्या, लावा आणि एक पावसाळा सांभाळून दाखवा.

ते एक झाड ऑक्टोबरमध्ये घट्ट उभं असेल, तर दहा झाडांचं भांडवल घाला. कुजलं असेल तर तुमचे चारशे रुपये गेले, पण भिशीचा हप्ता वाचला. मला हे शिकायला 91 झाडं लागली. तुमचं एका झाडात भागू दे.

पुढच्या भागात मदर प्लांटवर कलम कसं करायचं ते बघू. तोपर्यंत चाकू स्वच्छ ठेवा आणि घाई करू नका.